मेंढरांत वाढलेला

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं. माणसाच्या जिवाला घातक ठरू शकतात अशा २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, ज्यांच्या घरी ती आधीच आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी, असा त्याचा मतलब. वर्तमानपत्रांनी मथळे केले ते पिटबुल आणि रॉटवायलरचे, कारण ती नावं शहरी वाचकाच्या ओळखीची. यादी नेटाने पुढे वाचणाऱ्याला मात्र काही भलतीच अनोळखी नावं भेटली असतील. कांगाल. अकबाश. शारप्लानिनाच. तोर्न्याक.

ही झुंजीसाठी घडवलेली कुत्री नव्हेत. तुर्कस्तान आणि बाल्कन देशांतल्या मेंढपाळांची ही राखणीची कुत्री. यादीत त्यांच्याच कुळातली कॉकेशस, दक्षिण रशिया आणि मध्य आशियातलीही कुत्री होती. डेन्मार्कने २०१० साली १३ जातींना मज्जाव केला, त्यांतही कांगालसकट यांतली बरीच नावं होती. आपली यादी आणि ती यादी शेजारी ठेवली तर साम्य डोळ्यांत भरतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये केंद्राचं ते पत्रक रद्द केलं. त्यानंतरच्या कायदेशीर घडामोडींत मला फारसा रस नाही. रस आहे तो यात, की लांडग्यापासून कोकरू वाचवणं हेच ज्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम, ते जनावर माणसाच्या शत्रूंच्या यादीत जाऊन बसतं कसं. या प्रश्नाचं उत्तर त्या कुत्र्याच्या दातांत कमी आणि त्याच्या बालपणात जास्त सापडतं.

तुर्कस्तानच्या नकाशावर अंकाराच्या पूर्वेला सिवास प्रांत आहे आणि कांगाल हा त्यातला एक तालुका. समुद्रसपाटीपासून हजार-दीड हजार मीटर उंचीचं हे उघडंबोडकं पठार. हिवाळ्यात बर्फ आणि शून्याच्या खूप खाली उतरणारा पारा, उन्हाळ्यात कोरडं रखरखीत ऊन. गहू आणि बार्ली पिकते, पण खरा जीव मेंढरांत. अक्करमान नावाची पांढरी, शेपटीत चरबी साठवणारी मेंढी इथली. या तालुक्याची जगाला माहीत असलेली दुसरी गोष्ट कुत्र्याशी मुळीच संबंधित नाही, तरी सांगून टाकतो: इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात छोटे मासे राहतात आणि ते माणसाच्या अंगावरची मृत त्वचा खुडून खातात. सोरायसिसचे रुग्ण त्यासाठी इथे येतात. आपल्याकडच्या मॉलमध्ये काचेच्या टाकीत पाय सोडून बसलेले लोक दिसायचे, तो प्रकार या जातीच्या माशांवरूनच निघालेला.

तर कुत्रा. कांगालचा नर खांद्यापाशी ७२ ते ७८ सेंटिमीटर उंच भरतो, वजन साधारण पन्नास-साठ किलो. मादी थोडी लहान. अंग वाळलेल्या गवताच्या किंवा राखाडी रंगाचं, तोंडावर आणि कानांवर काळा मुखवटा. म्हणूनच तिकडे त्याला काराबाश, काळ्या डोक्याचा, असंही म्हणतात. शेपूट पाठीवर गुंडाळलेली. ती वर चढली की कुत्रा सावध झाला असं मेंढपाळ समजतो. आकडे वाचून अजस्र, लाळ गाळणारा मास्टिफ डोळ्यांपुढे येत असेल तर ते चित्र पुसून टाकावं. कांगाल उंच आहे, पण थुलथुलीत नाही. दिवसभर कळपाबरोबर कोसच्या कोस चालायचं आणि रात्री लांडग्यामागे धावायचं, तर अंगावर नुसतं मांस असून भागत नाही. केसांचे थर दोन: आतला मऊ आणि दाट, बाहेरचा राठ. बर्फात झोपला तरी त्याला काही होत नाही. खाणं म्हणाल तर अगदी गरिबाचं. बार्लीचं पीठ किंवा कोंडा पाण्यात, नाहीतर चीज करून उरलेल्या पाण्यात कालवलं की झालं जेवण. त्याला तिकडे ‘याल’ म्हणतात. हाडुक-मांसाची चैन क्वचित.

गळ्यात लोखंडी पट्टा असतो आणि त्यावर बोटभर लांबीचे अणकुचीदार काटे. लांडगा कुत्र्याचा गळा धरायला जातो, म्हणून ही तजवीज. कान लहानपणीच कापण्याची जुनी रीत होती, तिचंही कारण तेच सांगत: शत्रूच्या दातांत सापडेल असं काही लोंबतं ठेवायचं नाही. पट्ट्याची कल्पना काही तुर्की नाही. आपल्या हिमालयातल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यातही बिबट्यासाठी असाच पट्टा चढतो. आणि इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या मार्कस वॅरो या रोमन पंडितानेही तो वर्णन करून ठेवला आहे: जाड कातड्याचा, खिळे ठोकलेला, आणि खिळ्यांची डोकी कुत्र्याच्या मानेला रुतू नयेत म्हणून आतून मऊ चामड्याचं अस्तर. ते अस्तर सांगायला वॅरो विसरला नाही, यावरून गृहस्थाने कुत्री जवळून पाहिली होती हे कळतं.

या कुत्र्याच्या वंशावळीबद्दल मात्र अशा जपून बोलणाऱ्याची गाठ कमी पडते. निनवेच्या राजवाड्यात असुरबनिपाल राजाच्या शिकारीची शिल्पं होती, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातली. आता ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत दांडगी, जाड मानेची कुत्री कोरलेली आहेत आणि कांगालचे चाहते ती आपल्या कुत्र्याचे थेट पूर्वज म्हणून दाखवतात. ऑटोमन सुलतानांच्या जॅनिसरी फौजेत कुत्री सांभाळणारी पथकं होती हे खरं. तोही धागा कुणी कुणी कांगालपर्यंत ओढत आणतो. दगडातल्या चित्रावरून नातं सिद्ध होत नसतं. मेंढपाळाने कुत्र्याची वंशावळ कधी लिहून ठेवली नाही. त्याने एवढंच पाहिलं की कळपात टिकतं कोण. मेंढी मारली की कुत्रा गेला, लांडगा पाहून पळाला तरी गेला, माणसावर विनाकारण धावला तरी गेला. उरले त्यांची पिल्लं पुढे चालली. शतकानुशतकांच्या या निर्दय चाळणीतून जे राहिलं तेच आजचं कांगाल, आणि त्याच्या वंशाचा याहून खानदानी पुरावा कुणी मागूही नये.

वॅरोकडे पुन्हा जायला हवं, कारण या कुत्र्यांच्या मनाबद्दलची सगळ्यांत चांगली गोष्ट त्याच्याकडे आहे. औफिडिअस नावाच्या एका जमीनदाराने उंब्रिया प्रांतात मेंढ्यांचे कळप विकत घेतले. सौद्यात कुत्री आली, मेंढपाळ मात्र आले नाहीत. त्यांनी फक्त कळप दक्षिणेच्या कुरणापर्यंत पोहोचवायचा आणि परत फिरायचं, असं ठरलेलं. ते परतले. थोड्याच दिवसांत कुत्रीही उठली आणि वाटेतल्या रानात मिळेल त्यावर गुजराण करत, कित्येक दिवसांची वाट चालून आपल्या माणसांकडे उंब्रियात जाऊन पोहोचली. कुणी वाट दाखवली नव्हती. वॅरोचा सल्ला व्यवहारी आहे: कुत्रा घ्यायचा तर मेंढरांची सवय असलेला घ्या, शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून घेऊ नका. एकाचा कुत्रा कळप सोडून सशामागे धावेल, दुसऱ्याचा आळशी असेल.

शंभरेक वर्षांनी कोलुमेला नावाच्या दुसऱ्या रोमन लेखकाने रंगाचाही विचार केला. मेंढरांचा कुत्रा पांढरा असावा, म्हणजे पहाटेच्या अंधूक उजेडात लांडगा समजून मेंढपाळ त्यालाच मारणार नाही. इटलीचा मारेम्मा, पिरेनीज पर्वतातला मोठा कुत्रा, हंगेरीचा कुवास, पश्चिम तुर्कस्तानातला अकबाश, सगळे पांढरे आहेत. सिवासच्या मेंढपाळाने कोलुमेला वाचलेला नसावा.

पुढचा साक्षीदार चार्ल्स डार्विन. १८३३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बीगल जहाजाच्या सफरीत तो आजच्या उरुग्वेमध्ये घोड्यावरून फिरत होता. काही मैल अवतीभवती घर नाही, माणूस नाही, आणि मेंढरांचा मोठा कळप एखाद-दोन कुत्र्यांच्या भरवशावर चरतोय, हे पाहून तो थबकला. अशी मैत्री जमते कशी, याची त्याने चौकशी केली. उत्तर मिळालं ते असं. पिल्लू अगदी लहान असताना आईपासून तोडायचं. दिवसातून तीन-चार वेळा मेंढी धरून तिचं दूध त्याला पाजायचं. मेंढवाड्यातच लोकरीचं अंथरूण करून द्यायचं. दुसऱ्या कुत्र्यांशी खेळू द्यायचं नाही, घरातल्या मुलांशीही नाही. बहुतेक वेळा त्याला खच्चीही करत. असं वाढलेलं कुत्रं कळप सोडून जायचं नाव घेत नाही. माणूस कळपाजवळ आला की ते भुंकत पुढे होतं आणि मेंढरं त्याच्या मागे गोळा होतात. संध्याकाळी ठरल्या वेळी कळप घरी आणतं. मांसाचा तुकडा मागायला रोज घरापाशी यायचं, आणि तेवढ्यापुरतं मात्र ते शरमिंदं दिसायचं. घरची कुत्री त्याला हुसकायची, लहानसं कुत्रंही मागे लागायचं. कळपापाशी पोहोचताक्षणी तेच वळून भुंकू लागायचं आणि मागे लागलेली घरची कुत्री शेपूट घालून पळायची. एकट्या राखणदाराच्या कळपावर रानकुत्र्यांच्या टोळ्याही सहसा जात नाहीत, असंही डार्विनला सांगितलं गेलं.

घरापाशी भित्रा आणि कळपापाशी शूर. शौर्य हे जनावराच्या अंगात भरून ठेवलेलं नसतं, ते जागेवर अवलंबून असतं, हे त्या तरुण निसर्गअभ्यासकाने टिपलं. गंमत म्हणजे त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं शास्त्राने या कुत्र्यांकडे वळून पाहिलं नाही.

पाहायची वेळ आली ती अमेरिकेत, आणि निमित्त झालं विषाचं. मेंढ्या मारणाऱ्या कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यांना रँचवाले विष घालत. त्यात गरुडांसारखे पक्षीही मरत. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या जमिनींवर हे विष घालणं बंद केलं, आणि आता करायचं काय या प्रश्नाने जुन्या जगातल्या कुत्र्यांची आठवण झाली. मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पशायर कॉलेजमधले प्राध्यापक रेमंड कॉपिंजर आणि त्यांच्या पत्नी लोर्ना यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान पालथे घातले, मेंढपाळांकडून पिल्लं आणली आणि ती अमेरिकेतल्या शेतकऱ्यांकडे देऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. आज या कुत्र्यांबद्दल जे नीट माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं त्या नोंदींतून आलेलं.

कॉपिंजरांचं म्हणणं थोडक्यात असं. शिकारी जनावराच्या वागण्याला एक साखळी असते: सावज हेरणं, रोखून पाहणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं, खाणं. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी कुत्री निवडली ती या साखळीच्या कड्या सैल-घट्ट करत. मेंढ्या हाकणारा बॉर्डर कोली पाहा. डोळे रोखून दबकत पुढे जाणं त्याच्यात इतकं वाढवलेलं आहे की मेंढी नुसत्या नजरेने हलते, पण पकडणं-मारणं दाबून टाकलेलं. कांगालसारख्या राखणदारात ही साखळी जवळजवळ निद्रिस्त असते. धावणारं कोकरू पाहून त्याच्या डोक्यात काही पेटत नाही. त्यामुळेच धनगर आणि मेंढपाळ जगभर दोन प्रकारची कुत्री बाळगतात तेव्हा त्यांची कामं कधी बदलत नाहीत. हाकणाऱ्याला रात्री राखणीला ठेवणं म्हणजे लांडगाच आत घेणं.

दुसरी गोष्ट वयाची. पिल्लू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत ज्यांच्यात वाढतं त्यांना ते आपले मानतं. एकदा हा काळ सरला की दार बंद होतं. या दिवसांत पिल्लू मेंढ्यांमध्ये राहिलं, त्यांच्या अंगाची ऊब घेत झोपलं, मेंढीच्या धडका खाल्ल्या, तर जन्मभर मेंढरं हेच त्याचं गणगोत. त्याच आईचं दुसरं पिल्लू सोफ्यावर वाढलं तर त्याचं गणगोत सोफ्यावरची माणसं, आणि मेंढी हा एक विचित्र वासाचा प्राणी. शिकवण्याचा यात फारसा भाग नाही. राखणीच्या कुत्र्याला हुकूम शिकवत नाहीत. त्याला फक्त योग्य संगतीत ठेवतात आणि खोड्या वेळीच मोडतात. आठ-दहा महिन्यांचं आडदांड पोर कोकरांना खेळात लोळवू लागतं, कान चावतं, लोकर ओढतं. तेव्हा गळ्यात आडवा दांडका बांधायचा किंवा जुन्या खोडाच्या कुत्र्यापाशी सोडायचं. तो जुना एकदा गुरगुरला की पोराची अक्कल ठिकाणावर येते. पुरतं कामाचं व्हायला दीड-दोन वर्षं लागतात.

चांगल्या राखणदाराची लक्षणं कॉपिंजरांनी तीन सांगितली: कळपाकडे लक्ष असणं, कळपाला त्याचा धोका नसणं, आणि बाहेरच्याला अडवणं. हा क्रम मुद्दाम असा आहे. शौर्याचा नंबर शेवटचा. जो कळप सोडून भटकतो तो शूर असून उपयोग नाही, आणि जो मेंढरांना इजा करतो तो तर लांडग्याचाच भाऊ.

मग हा कुत्रा दिवसभर करतो काय? पाहणाऱ्याला वाटेल, काहीच नाही. उंचवट्यावर पडून असतो, डोळे अर्धे मिटलेले. मेंढरं सरकली की उठतो, दोन-चार पावलं त्यांच्याबरोबर सरकतो, पुन्हा बसतो. अंधार पडू लागला की त्याचा खरा दिवस सुरू होतो. कळपाभोवती फेरी मारतो, जागोजागी लघवी करून हद्द आखतो, आणि भुंकतो. भुंकणं हेच त्याचं मुख्य हत्यार. वारा कुठून येतो त्या बाजूला तोंड करून तो उगाच भुंकतोय असं वाटतं, पण ते भुंकणं दूरवरच्या लांडग्याला दिलेली सूचना असते: इथे जागं आहे कुणीतरी. तेवढ्याने भागलं नाही तर तो कळप आणि आगंतुक यांच्या मधोमध येऊन उभा राहतो, शेपूट वर. मग गुरगुर. मग खोटा हल्ला. खरी झटापट ही शेवटची पायरी, आणि शहाणा कुत्रा तिथवर जाऊ देत नाही, कारण जखमी राखणदार दुसऱ्या रात्री निकामी असतो. लांडग्याचाही हिशेब तोच आहे. दोघांनाही पोट आहे आणि दोघांनाही उद्या उठायचं आहे.

एक कबुली मात्र संशोधकांकडूनच आली आहे आणि ती राखणदारांच्या कीर्तीला जरा डाग लावणारी. २०१४ मध्ये जॉर्जियातल्या लांडग्यांचा आणि मेंढपाळी कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की दोन्ही बाजूंना साधारण दहा टक्के जनावरांच्या रक्तात गेल्या काही पिढ्यांतला संकर आहे. कळपाच्या वेशीवर रात्री सगळंच भांडण चालू नव्हतं तर.

आता या स्वभावाचं दुसऱ्या जागी काय होतं ते पाहावं. हुकमाची वाट न पाहता स्वतः निर्णय घेणं हा रानात त्याचा गुण. मेंढपाळ झोपलेला असतो, विचारायचं कुणाला? तोच कुत्रा आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवला की ‘ऐकत नाही’ हा दोष होतो. रात्रभर भुंकणं हे काम, ते सोसायटीच्या तक्रारवहीत जातं. आपली हद्द आखणं ही सवय, आणि त्या हद्दीतल्या जिन्यावरून शेजारी ये-जा करत असतात. ज्याच्या समोर कळप नाही तो कळप शोधतो: घरातली मुलं हा कळप, आणि मुलांशी मस्ती करायला आलेला त्यांचा मित्र हा आगंतुक. अनोळखी माणसावर कुत्रा धावला, अशा बातमीच्या मागे पुष्कळदा हीच गोष्ट असते. वर त्याला साखळीला बांधलं, इतर माणसं दाखवलीच नाहीत, झुंजीत उतरवलं, तर साठ किलोचं संतापलेलं जनावर तयार होतं आणि ते घातक असतं, यात वाद नाही. म्हणून यादी करणाऱ्या अधिकाऱ्यावर मी फार चिडू शकत नाही. चीड येते ती यूट्यूबवर ‘जगातला सर्वांत ताकदवान जबडा’ असे आकडे फेकून पिल्लं विकणाऱ्यांची. हे आकडे एकाने दुसऱ्याचे उचललेले असतात आणि गिऱ्हाईक येतं ते अशाच बढाईला भुलून. त्याला राखण नको असते, धाक हवा असतो.

पश्चिमेत या कुत्र्याचं आगमन झालं तेव्हा वेगळाच वाद जुंपला. १९६० च्या दशकात काही ब्रिटिश आणि अमेरिकन मंडळींनी तुर्कस्तानातून कुत्री नेली. त्यांत अंकाऱ्यात नेमणुकीवर असलेला अमेरिकन नौदलाचा एक अधिकारीही होता. तिकडे या सगळ्यांना मिळून ‘अ‍ॅनाटोलियन शेफर्ड’ हे नाव पडलं. तुर्कांना ते कधीच रुचलं नाही. त्यांच्या मते कांगाल वेगळा, अकबाश वेगळा. एका खोक्यात कोंबायचं कशाला? कांगाल त्यांच्या दृष्टीने राष्ट्रीय ठेवा आहे आणि तो देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. अखेर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने आपल्या दप्तरातलं अ‍ॅनाटोलियन हे नाव काढून तिथे कांगाल लिहिलं. कॉपिंजरांना दोन्ही पक्ष हास्यास्पद वाटायचे. कळप घेऊन मोसमानुसार शेकडो मैल फिरणाऱ्या लोकांची कुत्री वाटेत एकमेकांत मिसळणारच. पोर्तुगालपासून तिबेटपर्यंत ही एकच सलग वस्ती आहे आणि जाती पाडल्या त्या शहरातल्या क्लबांनी, असं त्यांचं ठाम मत. मला ते थोडं अतिरेकी वाटतं. सिवासच्या कांगालचं एकसारखं रूप नुसत्या क्लबच्या कागदावर आलेलं नाही. पण ज्या प्रश्नावर मेंढपाळाचं पोट अवलंबून आहे, तो रंगाचा नाही, इतकं कॉपिंजरांचं मान्य करावं लागतं.

अमेरिकेत तर पुढे या जातींची परीक्षाच घेतली गेली. १९९५-९६ मध्ये कॅनडातले लांडगे आणून यलोस्टोनमध्ये सोडले गेले. ते पसरले तसं लक्षात आलं की कोयोटीला पुरून उरणारी पांढरी पिरेनीज कुत्री लांडग्यापुढे कमी पडतात, मारलीही जातात. तेव्हा कृषी खात्याच्या संशोधकांनी तुर्कस्तानचा कांगाल, बल्गेरियाचा काराकाचान आणि पोर्तुगालचा ट्रान्समोंटानो या जाती मोंटाना, आयडाहो आणि आसपासच्या राज्यांतल्या कळपांत ठेवून निरीक्षणं केली. समोर ठेवलेल्या बनावट लांडग्याला सामोरा जाण्यात कांगाल पुढे, काराकाचान जास्त सावध, ट्रान्समोंटानो खरा धोका आणि खोटा धोका ओळखण्यात तरबेज, असे बारीक फरक दिसले. आकाशपाताळाचं अंतर दिसलं नाही.

या कुत्र्याचं सगळ्यांत मोठं काम मात्र लांडग्यापासून फार दूर, आफ्रिकेत झालं. नामिबियात चित्ते राष्ट्रीय उद्यानांत कमी आणि खासगी कुरणांवर जास्त राहतात. १९८० च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांनी हजारोंनी चित्ते मारले किंवा पकडून हटवले. शेळ्या-वासरं नेतो म्हणून चित्ता त्यांच्या लेखी उपद्रवी जनावर. लॉरी मार्कर या अमेरिकन संशोधिकेने १९९० मध्ये तिथे चित्ता संवर्धन निधी ही संस्था उभी केली आणि १९९४ पासून शेतकऱ्यांना अ‍ॅनाटोलियन आणि कांगाल पिल्लं द्यायला सुरुवात केली. योजनेमागचा तर्क साधा. चित्ता हा वेगाचा प्राणी, भांडखोर नव्हे. पाय मोडला की त्याची शिकार बंद आणि शिकार बंद म्हणजे मरण. समोर भलंमोठं जनावर उभं राहून भुंकू लागलं की तो नाद सोडून जातो. आजवर ६०० हून अधिक कुत्री दिली गेली आणि ती घेतलेल्या बहुसंख्य शेतकऱ्यांनी नुकसान ८० ते १०० टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं. ज्याच्या शेळ्या वाचल्या त्याने बंदूक उचलली नाही. कुत्र्याने राखलं ते शेळ्यांना, पण जगला चित्ताही.

अडचणी नव्हत्या असं नाही. साप चावून, गोचिडांच्या तापाने, बबून माकडांशी भांडून कुत्री मेली. काही शिकारीच्या नादाला लागली, कोल्ह्यांना मारू लागली. कळपाबरोबर माणूस असला तर कुत्रं चांगलं राहतं आणि नुसतं सोडून दिलं तर बिघडतं, हा धडा पुन्हा पुन्हा मिळाला. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले, त्यांची तयारी करणारी संस्था हीच. चित्त्यांची बातमी घराघरांत गेली. त्यांच्या देशात त्यांना जगवणाऱ्या कुत्र्यांची गेली नाही.

शेजारच्या बोट्स्वानात पैसा कमी होता, म्हणून तिथल्या संवर्धकांनी उलटा प्रयोग केला. परदेशी जात न आणता गावातलीच साधी, सडपातळ कुत्री घेतली आणि ती लहानपणापासून शेळ्यांत वाढवली. ती उत्तम निघाली. खातात कमी, उष्मा सोसतात, मेली तर दुसरं पिल्लू शेजारी मिळतं. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींची संकरित कुत्रीही त्याच पद्धतीने वाढतात आणि तितकीच भरवशाची ठरल्याची नोंद १९८० च्या दशकातच झालेली आहे. म्हणजे कोयोटी, कोल्हे, चित्ते यांच्यासाठी संगत पुरते. लांडग्यांची टोळी किंवा अस्वल येणार असेल तेव्हा मात्र सिवासच्या उंचीला आणि वजनाला मोल येतं.

हे वाचताना आपल्याकडचा धनगरवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. पुणे, सोलापूर, सातारा, अहिल्यानगरच्या माळरानांवर लांडगा अजून आहे. देशभरात त्यांची संख्या दोन-तीन हजारांच्या आसपास धरली जाते. दसरा-दिवाळीनंतर कळप कोकणाकडे किंवा बागायती मुलखाकडे निघतात, घोड्यांवर बिऱ्हाड, मागे मेंढरं, आणि कळपाच्या कडेने कुत्री. रात्री जाळीच्या वाघरात मेंढरं कोंडली की ही कुत्री बाहेर. कुठल्या जातीची म्हणून विचारलं तर उत्तर मिळणार नाही. त्यांतली कितीतरी वाड्यावरच जन्मतात, कोकरांबरोबर वाढतात, भाकरीच्या तुकड्यावर जगतात. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा का असतो हे माळावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

या कुत्र्यांना कांगालचं वजन नाही, आणि त्याचा इथे उपयोगही मर्यादित. उसाच्या पट्ट्यातला बिबट्या लांडग्यासारखा विचार करत नाही. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहाराच्या वजनातला सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. तिथे राखणदारच सावज आहे. साठ किलोचा कुत्रा आणून हा प्रश्न सुटेल असं कुणी सांगत असेल तर तो पिल्लं विकणारा समजावा. अशा ठिकाणी पक्का, वरून झाकलेला गोठाच लागतो.

माळावरचा प्रश्न आणखी निराळा आहे. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या गवताळ रानातल्या जनावरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि भारतात लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा हाती आला. जॉर्जियात जे शतकानुशतकं चालू आहे ते इथे वेगळ्या कारणाने घडतंय: माळ तुटत चाललाय, लांडग्याला जोडीदार मिळेना, आणि हॉटेलांच्या, कोंबडीच्या दुकानांच्या उकिरड्यावर पोसलेल्या बेवारस कुत्र्यांची संख्या वाढतेय. धोका आहे तो या उकिरड्यावरच्या टोळ्यांचा. त्याच कोकरंही पळवतात, आणि डिस्टेंपर नि रेबीजसारखे रोग रानात पोहोचवण्याची भीतीही त्यांच्याकडूनच जास्त. वाड्यावरचा कुत्रा रात्रभर वाघरापाशी असतो. त्याला वर्षातून एकदा लस टोचायला पशुवैद्यकाने माळापर्यंत जाणं एवढीच त्याची सरकारकडून गरज. कळप आज इथे आणि परवा तीस किलोमीटरवर, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्याच्या वेळापत्रकात तो बसत नाही. मेंढ्यांच्या लसीकरणाला गाडी वाड्यावर जाते, तेव्हाच कुत्र्यांच्या चार-दोन मात्रा बर्फाच्या पेटीत टाकल्या तर हे काम त्याच फेरीत होतं.